वीस मिनिटं पुढे

४ जून

दादा,

नमस्कार. साष्टांग घालायला हवा, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच घे.

तुला पाठवलेला कागद परत आला. त्यावर सही नाही, ते एक वेळ समजू शकते. पण मागच्या बाजूला "कंबर चौतीस, उंची एकोणचाळीस, मोहरी सैल" असं तुझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. फाशीची शिक्षा रद्द करा म्हणून सरकारला द्यायचा अर्ज आहे तो, तुझी मापाची वही नाही. आमच्या समितीच्या अध्यक्षांनी तो उलटून पाहिला आणि मला विचारलं की ही कोणाच्या पँटची मोहरी. मी काय सांगणार?

आमच्या शाळेत सतरा जणांनी सह्या केल्या. कवायतीच्या सरांनीसुद्धा केली, जे मुलांना उन्हात तासभर उभं करतात. सख्खा भाऊ तेवढा राहिला आहे. आणि तुझी सही का हवी ते तुला ठाऊक आहे. औषधवाल्यांच्या खुनात ज्या रंगाऱ्याला फाशी झाली, त्याचा दयेचा अर्ज सहा वर्षांनी आता सरकारच्या टेबलावर आला आहे. त्याच्या खटल्यात तू मुख्य साक्षीदार होतास. साक्षीदारच म्हणाला की जन्मठेप पुरे, तर त्याला वजन येईल.

नवीन कागद सोबत आहे. यावर कोणाची मापं घेऊ नकोस. वहिनीचे डोळे कसे आहेत?

ठकू


१२ जून

चि. ठकू,

आशीर्वाद आहेतच, ते काही तुझ्या समितीवर अवलंबून नाहीत.

मोहरीचं म्हणशील तर गिऱ्हाईक दारात उभं होतं आणि हाताशी तुझाच कागद होता. कोऱ्या पाठीचा इतका चांगला कागद वाया घालवता, त्याबद्दल सरकारला अर्ज करा.

सही करणार नाही. तिसऱ्यांदा सांगतो आहे, आणि तू मुलांना पाढे शिकवतेस म्हणून मीही तेच तेच म्हणत बसायचं का? औषधवाला माझा तीस वर्षांचा मित्र. दुकानासमोर दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी इकडे मशीनवर आणि तो तिकडे काउंटरवर, रस्त्यावरून मोठ्याने गप्पा मारायचो, मध्ये सायकलवाले जात असायचे. त्याच्या दुकानाची फळी सहा वर्षं बंद आहे. सुई ओवायला मान वर केली की ती फळी दिसते. तू तिकडे तीनशे मैलांवर बसून दया वाटतेस. ज्याने एका म्हाताऱ्याला वजनाच्या मापाने डोक्यात मारलं, ते कशासाठी, तर चिठ्ठीशिवाय गोळ्या दिल्या नाहीत म्हणून, तो आज दोन वेळा जेवतो, सकाळी अंगणात फिरतो. आणि त्याने आणखी तीस वर्षं फिरावं म्हणून मी सही करू?

औषधवाल्याच्या बायकोला मी शब्द दिला आहे की हे शेवटापर्यंत जाईल. ती दर आठवड्याला येऊन बसते. तिला काय सांगू, आमच्या मास्तरीणबाईंना आकडा पुरा करायचा आहे?

तुझ्या वहिनीचे डोळे ठीक. सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो, माझ्यापेक्षा लवकर.

दादा


१९ जून

दादा,

तुझं पत्र वाचून मी हात टेकले होते, पण कंबर दुखते म्हणून पुन्हा उचलले.

औषधवाले माझेही काका होते. लहानपणी खोकल्याची गोड गोळी मला फुकट मिळायची, तुला नाही, हे तू अजून विसरला नाहीस. ते गेले त्या दिवशी मी तुझ्याच घरी होते. मला दुःख नाही असं लिहिताना तुला काही वाटलं नाही?

दया वगैरे बाजूला ठेव. मला हिशेबाने बोलू दे. न्यायाधीश माणूस असतो, पोलीस माणूस असतो, साक्षीदार तर असतोच. माणसं चुकतात. वहीतलं गणित चुकलं तर मी पोराला खोडरबर देते. फाशी दिल्यावर खोडणार काय? तूच शिकाऊ लोकांना ओरडतोस ना, की शिवण उसवता येते, कापलेलं कापड जोडता येत नाही. आणि तू त्या माणसाचं तोंडही पाहिलं नव्हतंस, दादा. पाठ पाहिलीस. नुसत्या पाठीवरून एक माणूस फासावर चढतो आहे, आणि तुला एकदाही शंका येत नाही, याचंच मला नवल वाटतं.

खटल्यात तू नक्की काय सांगितलंस ते मला आजपर्यंत ठाऊक नाही. घरी विचारलं की तू गप्प. आता तरी सांग.

ठकू


२७ जून

चि. ठकू,

माझ्या धंद्यातली उदाहरणं मला देऊ नकोस. आणि वाच, एकदाच लिहितो, पुन्हा विचारायचं नाही.

मी पाठ पाहिली हे खरं. पण त्या पाठीवरचा कोट मी शिवलेला होता. करड्या रंगाचा, जाड कापडाचा. रंगाऱ्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे, म्हणून आतून मी कापसाचा तुकडा भरला होता. माणसाचं तोंड मी विसरेन, पण मी कापलेला कोट शंभर माणसांतून ओळखेन. तो कोट सकाळी औषधवाल्याच्या बाजूच्या दाराने बाहेर आला आणि कोपऱ्यावर वळला. कोर्टात रंगारी म्हणाला की कोट दोन दिवस आधी चहाच्या टपरीवरून चोरीला गेला. सगळे हसले. मीसुद्धा.

राहता राहिली वेळ. मी तेव्हा एका शर्टाला बटणं लावत होतो. नऊला गिऱ्हाईक येणार म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, साडेआठ झाले होते. आता तू म्हणशील, तुझं घड्याळ वीस मिनिटं पुढे असतं. मला काय वेडा समजतेस? बाबांच्या काळापासून ते पुढे आहे, गिऱ्हाइकाला दिलेली वेळ चुकू नये म्हणून, आणि मी बाबांच्या काळापासून वजा करतो आहे. झोपेतही वजा करेन. कोर्टात मी साडेआठ नाही सांगितले, आठ वाजून दहा मिनिटं सांगितली. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर स्वतः दुकानात आले, आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी त्यांनी ताडून पाहिलं, बरोबर वीस मिनिटं पुढे. म्हणाले, असा चोख साक्षीदार मिळत नाही.

तो कामाला होता त्या कारखान्याच्या फाटकावर त्याच्या हजेरीच्या कार्डावर आठ पस्तीसचा शिक्का होता. औषधवाल्याच्या दुकानापासून तिथवर झपाझप चाललं तर पंचवीस मिनिटं. आठ दहाला निघाला, आठ पस्तीसला पोचला. तू गणिताची बाई आहेस ना, कर वजाबाकी.

आता हा विषय बंद. कागद परत पाठवतो आहे, दोन्ही बाजूंनी कोरा.

दादा


२५ जुलै

दादा,

महिनाभर पत्र नाही म्हणून तू खूश असशील की ठकूचं तोंड बंद केलं. मी चार पत्रं लिहिली आणि फाडली. हे पाचवं.

त्या दिवशी तुझं घड्याळ वीस मिनिटं पुढे नव्हतं. ते बरोबर होतं. मी ते बरोबर केलं होतं.

आता ओरडण्याआधी पुढचं वाच. वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी आठवडाभर आले होते. जायच्या दिवशी माझी बस नऊ चाळीसची होती. दर वेळी तुझ्या त्या घड्याळापायी मी थांब्यावर उगाच लवकर जाऊन बसते, नाहीतर जास्तच वजा करते आणि बस चुकते. मला वैताग आला होता. आदल्या संध्याकाळी तू मापं घ्यायला गेला होतास, तेव्हा रेडिओवर बातम्या लागल्या, त्यावर मी काटे लावले. वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, ह्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील. मी म्हटलं, मी गेल्यावर फिरव पुन्हा. सकाळी खून झाला, पोलीस आले, तुला चौकीवर नेलं, माझी बस राहिलीच. दुपारी वहिनीने एका डोळ्यावर पट्टी असताना स्टुलावर चढून काटा पुन्हा वीस मिनिटं पुढे केला. मी स्टूल धरलं होतं. त्या गडबडीत आम्हाला दोघींना ती घड्याळाची गोष्ट क्षुल्लक वाटली. तुझ्या साक्षीत ते घड्याळ आहे हे मला तुझ्या गेल्या पत्रापर्यंत ठाऊक नव्हतं.

म्हणजे तू साडेआठ पाहिले, तेव्हा खरोखरच साडेआठ वाजले होते. तू सवयीने वीस मिनिटं वजा केलीस. रंगाऱ्याचं कार्ड आठ पस्तीसचं. पाच मिनिटांत पंचवीस मिनिटांचा रस्ता कोणी चालत नाही, दादा. तुला दिसला तो कोट खरा असेल. आतला माणूस दुसरा होता.

एक महिना मी हे मनात ठेवलं. का, तर भीती वाटली. तुझी नाही, माझीच. सह्या गोळा करत हिंडणारी मी, आणि त्याला तिथवर पोचवायला माझाच हात लागलेला.

तू वकिलांकडे जा. लगेच.

ठकू


३० जुलै

ठकू,

माझ्या घड्याळाला हात लावायचा अधिकार तुला कोणी दिला?

सहा वर्षं काही आठवलं नाही, आणि मी सही नाकारली तसं महिन्याभरात सगळं आठवलं, रेडिओच्या बातम्यांसकट. तुझी समिती तुला हे शिकवते का? माणसाचा जीव वाचवायचा म्हणून भावाला कोर्टात खोटा पाडायचा? इन्स्पेक्टरने स्वतः पाहिलं होतं ते घड्याळ. तुला काहीतरी भलतंच आठवतं आहे. तसं लहानपणापासून तू वाद हरायला लागलीस की नवीन काहीतरी काढतेस.

औषधवाल्याची बायको काल आली होती. तिने तुझी चौकशी केली. मी म्हटलं, मजेत आहे.

दादा


८ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र घेऊन मी रंगाऱ्याच्या वकीलबाईंकडे गेले. तरुण आहे, टेबलावर फायलींचा ढीग, त्यामागून बोलते. मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि जे तू लिहिलंस तेच म्हणाली, फक्त सभ्य शब्दांत. फाशीविरोधी समितीची बाई, साक्षीदाराची बहीण, सहा वर्षांनी येऊन सांगते की काटे मी फिरवले. सरकारी वकील हसतील म्हणाली. मी सह्या गोळा केल्या नसत्या तर माझ्या बोलण्याला काहीतरी किंमत असती. मी गोळा केलेल्या एकशे नव्वद सह्या आता त्या माणसाच्या विरोधात उभ्या आहेत, यावर रडावं की भिंतीवर डोकं आपटावं ते कळत नाही.

दयेचा अर्ज फेटाळला गेला. फाशीची तारीख नऊ सप्टेंबर.

मी तुला मत बदल म्हणत नाही. फाशी असावी असं म्हण, रोज म्हण, दुकानावर पाटी लाव. कागदावर सही मी पुन्हा मागणार नाही. फक्त वहिनीला विचार. तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तिच्यावर ठेव. तिने तुझ्याशी तीस वर्षांत एकदाही वाद जिंकायचा प्रयत्न केलेला नाही.

ठकू


१७ ऑगस्ट

प्रिय ठकूताई,

मला पत्र लिहायची सवय नाही, समजून घ्या. ह्यांना न सांगता लिहिते आहे.

तुमचं पत्र आलं, त्या दिवशी त्यांनी ते वाचून खिशात ठेवलं आणि जेवायला बसले. जेवता जेवता विचारलं, "तू काटा फिरवला होतास?" मी हो म्हटलं. "पुढे की मागे?" पुढे म्हटलं. "ठकूने आधी बरोबर केलं होतं म्हणून?" मी हो म्हटलं. मग ताट अर्धं टाकून दुकानात गेले आणि गल्लीतल्या डॉक्टरांची नवी पँट गुडघ्यापर्यंत कापली. चूक लक्षात आल्यावर ती तशीच हातात धरून बसले.

तुमच्या भावाचा राग मला सवयीचा आहे, तो बरा. हे गप्प बसणं नको वाटतं. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी सांगितलं असतं की त्या दिवशी घरात काय चाललं होतं, कोणाला सुचत होतं. तरी मला कळायला हवं होतं. इन्स्पेक्टर घड्याळाकडे बघत होते तेव्हा मी दारात चहा घेऊन उभी होते. मला वाटलं, वेळ बघत असतील.

पाच दिवस झाले. रोज सकाळी कपडे करून निघतात, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतात. मी विचारलं, वकिलांकडे जायचं तर जा ना. तर म्हणाले, "तिला काय सांगू?" मला आधी वाटलं वकीलबाईंना. मग कळलं, औषधवाल्या काकूंना. त्यांना शब्द दिला आहे ना. रंगाऱ्याने केलं नाही म्हणजे ज्याने केलं तो सहा वर्षं मोकळा फिरतो आहे, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं, असं त्यांचं म्हणणं.

तुम्ही त्यांना आणखी काही लिहू नका. मी बघते.

तुमची वहिनी


२९ ऑगस्ट

चि. ठकू,

झालं. प्रतिज्ञापत्र दिलं. मी आणि तुझी वहिनी दोघांनी. वाचून घे आणि मग मला काही शिकवू नकोस, मला सध्या सहन होणार नाही.

पटलं कशाने ते आधी सांगतो, तुझ्या गणिताने नाही. वहिनी हो म्हणाली, तरी मन मानत नव्हतं. मग एक आठवलं. त्या सकाळी शाळेची घंटा मला उशिरा वाजल्यासारखी वाटली होती. रोज ती वाजते तेव्हा माझं घड्याळ आठ वीस दाखवतं. त्या दिवशी घंटा वाजली तेव्हा घड्याळात आठच वाजले होते, म्हणजे माझ्या वजाबाकीने सात चाळीस. मी स्वतःशी म्हटलं होतं, शिपाई आज लवकर उठला वाटतं. म्हणजे घंटा लवकर वाटली होती, उशिरा नाही, बघ, आता सुद्धा उलटं लिहिलं. एवढं डोळ्यासमोर असून मी घड्याळावर शंका घेतली नाही, शिपायावर घेतली. हे कोर्टात सांगताना माझी मान खाली गेली.

तुझी वकीलबाई चांगली आहे, पण अधिकारी भेटला तो असा की डोकं फिरावं. त्याने सहा वर्षांपूर्वीची माझी साक्ष समोर ठेवली, आताचा कागद बाजूला ठेवला आणि म्हणाला, दोन्हीवर शपथ तुमचीच, आम्ही कोणती धरायची? मी म्हटलं, दुसरी. तर म्हणतो, पहिल्या वेळीही तुम्ही इतकेच ठाम होता. ठकू, मी इतका ठाम होतो म्हणून तर त्यांनी माझं ऐकलं. मी जरा अडखळलो असतो, वाटतं, बहुतेक, असं म्हणालो असतो, तर बरं झालं असतं. पण मला अडखळायला येत नाही. बाबांनी शिकवलं नाही.

नऊ तारीख रद्द झाली आहे. खटला पुन्हा उघडायचा की नाही ते वरचं कोर्ट ठरवेल, तोवर त्याला कोणी हात लावणार नाही. वकीलबाई म्हणाली की सुटेल बहुतेक, कार्डाचा शिक्का पक्का आहे. रंगाऱ्याला तिने तुरुंगात जाऊन सांगितलं. तो म्हणे चिडला. आनंद नाही, काही नाही, तिच्यावरच चिडला, की हे मी पहिल्या दिवसापासून सांगतो आहे, तुम्हाला शिंप्यानेच सांगायला हवं होतं का. बरोबर आहे त्याचं. मी त्याला भेटायला जाणार होतो, पण तो नको म्हणाला.

मग मी काल औषधवाल्याच्या बायकोकडे गेलो. ती दर आठवड्याला माझ्याकडे येते, मी तिच्या घरी सहा वर्षांत पहिल्यांदा गेलो. खोलीत त्याच्या दुकानातलं कपाट आहे, रिकाम्या बाटल्यांसकट. मी सगळं सांगितलं. घड्याळ, काटा, वजाबाकी. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मला वाटलं रडेल, शिव्या देईल, माझ्या अंगावर काहीतरी फेकेल. मी तयार होतो. उलट मीच बडबडत राहिलो, की खरा माणूस सापडेल, पोलीस पुन्हा तपास करतील, आणि सापडला की त्याला फासावर चढवल्याशिवाय मी राहणार नाही, माझा शब्द आहे.

ती म्हणाली, "शब्द नका देऊ. आता दुसऱ्या कोणाला धरतील, तुम्हाला बोलावतील. तुम्ही पुन्हा सांगाल, हाच तो."

मी म्हटलं, मी नाही सांगणार.

"मग कोण सांगेल?"

तिने चहा विचारला. मी नको म्हटलं आणि निघालो.

तुझा कागद अजून माझ्या टेबलावर आहे. मी सही करत नाही, मागू नकोस. ज्याने औषधवाल्याला मारलं तो फासावर जावा असं मला आजही वाटतं, आणि ते मला तुझ्याशी खोटं बोलून लपवायचं नाही. पण तो कोण, हे बोट दाखवून सांगायचं काम दुसऱ्या कोणीतरी करावं असंही वाटतं. रस्त्याने येताना मी हाच विचार करत होतो की असा दुसरा कोण असेल, जो माझ्यापेक्षा कमी चुकेल. गल्लीतली एकेक माणसं डोळ्यांसमोर आणली. डॉक्टर, शाळेचा शिपाई, तू, मी. एकही नाव पुढे सरकेना. मग मला तुझा इतका राग आला की काही विचारू नकोस.

दादा